आमची वाटचाल : चिपळूणचा छापखाना आणि अमेरिकेची यादी

आमचा छापखाना माझ्या सासऱ्यांनी सुरू केला. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. एक ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे आणि एक जुळारी एवढ्यावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल निघायचे आणि घर चालायचं. पुस्तकं आली ती हौसेपोटी. निवृत्त शिक्षकांच्या आठवणी, जाखडीची गाणी, घराण्यांचे कुलवृत्तांत. कुलवृत्तांताला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं, कारण आपलं नाव कुठल्या पानावर आलंय ते प्रत्येकाला बघायचं असतं. पुढे डीटीपी आलं, ऑफसेट आलं, ट्रेडल भंगारात गेलं. हे सगळ्याच छापखान्यांचं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते आमचं आजचं एक काम. पुस्तकाचे हक्क नेमके कुणाचे, ते शोधून कागदावर आणून देतो. आबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, ‘याचे कोण पैसे देतो?’

या कामाची पहिली चाहूल गूगलमुळे लागली. गूगल अमेरिकेतल्या विद्यापीठांची ग्रंथालयं स्कॅन करत होतं. त्यावरून तिथल्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी खटले भरले आणि ऑक्टोबर २००८मध्ये १२.५ कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. स्कॅन झालेल्या पुस्तकामागे किमान ६० डॉलर. आता चिपळुणात पाचशे प्रती छापलेल्या पुस्तकाचा अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाशी काय संबंध? तर आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी विद्यापीठांना पाठवत आलंय. जी पुस्तकं रत्नागिरीच्या दुकानात मिळत नाहीत, ती तिथे शेल्फावर असतात. त्यामुळे मी आमची पुस्तकं शोधायला बसले. पहिली अडचण नावांची. तिथले ग्रंथपाल मराठी शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही रोमन लिपीत लिहितात, म्हणजे ‘कोकण’च्या शेवटी एक जादा ‘ए’. आपण बोलतो तसं टाइप केलं तर हाती काही लागत नाही.

त्या मूळ तडजोडीत भारतीय पुस्तकं येत होती. आपल्याला न विचारता आपल्याला त्यात धरलंय म्हणून भारतीय प्रकाशक महासंघाने न्यायालयात हरकतही घेतली. नोव्हेंबर २००९मध्ये सुधारित मसुदा आला. त्यात अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेली किंवा ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झालेली पुस्तकंच उरली. आपण बाहेर. मार्च २०११मध्ये न्यायाधीश डेनी चिन यांनी तो मसुदाच फेटाळला. पैसा कुणालाच मिळाला नाही, पण मला आमच्या प्रत्येक पुस्तकाची वहीत नोंद ठेवायची सवय लागली. नाव, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक), करार आहे की नाही, वारस कोण.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही त्यात भिजली. आमचा कागद, प्लेटा आणि करारांची फाईल चिखलात गेली. ती वही वरच्या मजल्यावर होती म्हणून करार पुन्हा लिहून घेता आले. काही लेखक हयात नव्हते, तिथे मुलांना बसवून सह्या घेतल्या. तेव्हाच दोन-तीन घरांतून विचारणा झाली, आमच्या वडिलांची बाकीची पुस्तकं दुसरीकडून निघालीत, त्यांचंही एवढं बघाल का? काम तिथून खरं सुरू झालं.

मग सप्टेंबर २०२५. अँथ्रॉपिक या अमेरिकी एआय कंपनीची लेखक-प्रकाशकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड झाल्याची बातमी आली. एका पुस्तकामागे सुमारे ३००० डॉलर, तेही वकिलांचा खर्च वजा जाण्याआधी. व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत त्याचं ‘प्रत्येक लेखकाला अडीच लाख’ झालं. दापोलीपासून देवगडपर्यंतचे फोन आले. एका गुरुजींनी तर बँकेचा तपशील आधीच पाठवून दिला.

त्यांना समजावताना मी आधी प्रकरण काय ते सांगायचे. न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी जून २०२५मध्ये ठरवलं की पुस्तकं वापरून एआय मॉडेलला शिकवणं हा रास्त वापर आहे, म्हणजे त्याला हक्कधारकाची परवानगी लागत नाही, पण चोरट्या संग्रहांतून उतरवलेल्या ७० लाखांहून जास्त प्रती जपून ठेवणं तसं नाही. भरपाई त्या प्रतींबद्दल आहे. आणि ७० लाखांतून भरपाईच्या यादीत उरली ती सुमारे ४ लाख ८२ हजार पुस्तकं. गळती एवढी मोठी का, हे कळलं की निम्मे प्रश्न मिटतात. पुस्तक लिबजेन किंवा पायलिमी या दोन चोरट्या संग्रहांतून कंपनीने उतरवलेलं हवं. त्याला आयएसबीएन किंवा ॲमेझॉनचा क्रमांक हवा. आणि अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात त्याची नोंदणी प्रकाशनानंतर ५ वर्षांच्या आत, शिवाय कंपनीने प्रत उतरवण्याआधी किंवा प्रकाशनापासून ३ महिन्यांत झालेली हवी.

लोक गोंधळले ते इथे. ‘द अटलांटिक’ या अमेरिकी मासिकाने त्याच वर्षी मार्चमध्ये लिबजेनमध्ये शोध घेण्याची सोय केली होती. तिथे पुस्तक सापडलं की लोक मला फोटो पाठवायचे. पण लिबजेनमध्ये असणं वेगळं आणि तडजोडीच्या यादीत असणं वेगळं. भारतात लिहिलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणीची सक्ती नाही, म्हणून आपल्याकडे नोंदणी करतं कोण? दिल्लीत करत नाहीत, तर वॉशिंग्टनला कुठली. आमची मराठी पुस्तकं यादीत नव्हती. असतील असं मला वाटलंही नव्हतं, तरी एकेक तपासलं, कारण विचारणाऱ्याला ‘नसणार’ सांगणं आणि ‘नाही’ सांगणं यात फरक पडतो. २००७आधीच्या पुस्तकांवर दहा आकडी आयएसबीएन असतो. त्याला पुढे ९७८ जोडून चालत नाही, शेवटचा आकडाही बदलतो. म्हणून आम्ही दोन्ही क्रमांकांनी शोधायचो, मग नावाने, मग लेखकाच्या आडनावाच्या दोन-तीन स्पेलिंगांनी.

एक पुस्तक मात्र निघालं. आमचं नव्हे. गुहागरच्या एका दिवंगत प्राध्यापकांचं, अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेलं इंग्रजी पुस्तक. त्यांच्या मुलीने सहज म्हणून विचारलं होतं. तिथून पुढचे प्रश्न वेगळेच. अशा पुस्तकांत वाटणी ठरलेली नसेल तर निम्मं प्रकाशकाचं, निम्मं लेखकाचं धरायचं, असं तडजोडीत आहे. पण पुस्तक छपाईबाहेर गेल्यावर हक्क लेखकाकडे परतले असतील तर? जुना करार माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाला. मग तिघा भावंडांनी एकत्र बसून कुणाच्या नावे दावा करायचा ते ठरवलं. दावा त्यांचा त्यांनी भरला. आम्ही फक्त कागद लावून दिले, आणि मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी घेत नाही. काही एजंट घेतात म्हणे. मला ते पटत नाही.

आपल्याकडच्या पुस्तकांचं काम याहून किचकट असतं. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘सर्व हक्क सौ. अमुक यांच्या स्वाधीन’ असं सर्रास छापलेलं असतं. लेखकाचं बायकोवर प्रेम असेल, पण १९५७च्या कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ज्या प्रकाशकांना वाटतं की पुस्तक कायमचं आपलं, त्यांतल्या कित्येकांकडे मुदत संपलेला कागद असतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, तेवढ्यात नातवंडं वयात येतात आणि कुणी पुण्यात, कुणी न्यू जर्सीत असतं.

सध्या एका कुलमंडळाचं काम हातात आहे. कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती आणि ई-बुक काढायचंय. हक्क संपादकांचे, मंडळाचे की माहिती देणाऱ्या घरांचे, यावर दोन बैठका झाल्या. संपादक हयात आहेत, सही द्यायला तयार आहेत. फक्त त्यांची अट आहे की आधी पान ११२वरची त्यांच्या धाकट्या शाखेची नोंद दुरुस्त करा.