आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधताना

गोव्यात बारदेशातल्या वडिलोपार्जित घराच्या वारसा प्रकरणासाठी वकिलांनी आजोबांच्या जन्माचा पुरावा मागितला आणि महापालिकेच्या दप्तरात तो मिळेना, तेव्हा बाप्तिस्म्याचा दाखला एवढाच मार्ग उरला. आजोबांचा जन्म १९०९ साली मुंबईत, धोबीतलावाजवळच्या एका चाळीत झाला. पणजोबा बोटीवर खानसामा होते आणि लग्नापूर्वी आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, राहत असत, याहून अधिक घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

साहजिकच, चाळीपासून सर्वांत जवळच्या चर्चच्या कार्यालयात मी अर्ज दिला. तीन आठवड्यांनी उत्तर आले, ‘नोंद आढळत नाही’. साल चुकले असेल असे समजून मी १९०७ ते १९१२ पर्यंतच्या नोंदी पाहण्याची विनंती केली. पुन्हा तेच उत्तर. दोन महिने असे गेल्यावर दुसऱ्या एका धर्मग्रामातील (पॅरिशमधील) वयस्क लेखनिकांनी माझा अर्ज वाचला, पणजोबांच्या गावाच्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, “आजोबा गोंयकार ना? मग जवळची इगर्जी कशाला शोधता? पाद्रुआदोची शोधा.”

पाद्रुआदो, म्हणजे पोर्तुगालच्या आश्रयाखालची चर्चव्यवस्था, हा शब्द मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. वसईला, आईच्या माहेरी, ही व्यवस्था आणि रोमने नेमलेले धर्मगुरू यांच्यातल्या जुन्या तंट्याचा कधी उल्लेखही झाला नव्हता. इंग्रज कंपनीने १७२० मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील पाद्र्यांना मुंबईतून घालवून रोमने नेमलेल्या कार्मेल संघाच्या धर्मगुरूंकडे चर्चेस सोपवली. पुढची अनेक दशके चर्चेस कोणाच्या ताब्यात राहावीत यावरून ओढाताण झाली आणि अखेर १७९४ मध्ये ती दोन्ही पक्षांत वाटून देण्यात आली. त्यानंतर गोद्या, गिरण्या आणि रेल्वे यांच्या ओढीने गोव्याहून माणसे येत राहिली, तसतशी नवी धर्मग्रामेही दोन वेगळ्या अधिकारांखाली उभी राहिली. १८८६ मध्ये मुंबईचा महाधर्मप्रांत स्थापन झाला, तरी पाद्रुआदोची चर्चेस दमणच्या बिशपांकडे गेली; ही दुहेरी व्यवस्था १९२८ मध्ये संपली. म्हणजे आजोबा जन्मले तेव्हा एकाच गल्लीतील दोन कॅथलिक शेजारी रविवारी दोन दिशांना मिस्सेला जात असतील, आणि त्यांच्या मुलांची नावे दोन वेगळ्या वह्यांत चढत असतील. येथील मूळच्या कॅथलिकांनी गोवेकरांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्यामागचे कारणही मला तेव्हा नीट उमगले.

चर्चेस जागा बदलतात, ही आणखी एक अडचण. एस्पेरांसा चर्च किल्ल्यासमोरच्या मैदानातून भुलेश्वरला गेले आणि मागे फक्त क्रॉस मैदानावरचा क्रूस उरला. माझगावचे ग्लोरिया चर्च १९१३ मध्ये भायखळ्याला नव्याने उभे राहिले. त्यामुळे जुना पत्ता हाती घेऊन वही शोधणाऱ्याची हमखास फसगत होते.

नोंद अखेर सापडली. पोर्तुगीज भाषेतील ती वही कसरीने कडेने कुरतडली होती आणि शाई तपकिरी पडली होती. आईवडिलांची नावे, गाव, आणि पादरीन (धर्मपिता) म्हणून त्याच गावच्या एका खलाशाचे नाव त्यात होते. मात्र माझे काम झाले ते समासामुळे. तेथे वेगळ्या हस्ताक्षरात, निळ्या शाईने, आजीशी झालेल्या लग्नाची तारीख लिहिलेली होती. विवाह झाला की बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाला कळवावे, हा रोमचा नियम १९०८ पासून लागू होता, आणि गोव्यातील कोणा पाद्र्याने तो मनापासून पाळला होता. नाव सारखे असलेला दुसरा कोणी नव्हे, हेच ते आजोबा, हे त्या एका ओळीने सिद्ध झाले.

दाखला हाती आला, पण गावाचे नाव आजच्या पद्धतीने लिहिल्यामुळे वकिलांनी तो परत पाठवला. वहीतील स्पेलिंग तंतोतंत उतरवलेला दुसरा दाखला चार दिवसांत मिळाला आणि आता तो प्रकरणाला जोडलेला आहे.