लिफ्टपाशी विचारलेला प्रश्न

मी कोच आहे असं सांगितलं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कितवीपर्यंतचे घेता? दादरच्या मामांनी तर "तू कधी काय खेळायचीस गं?" असंच विचारलं होतं. त्यांच्या लेखी कोच म्हणजे शिवाजी पार्कातले आचरेकर सर, पुढे काही नाही. त्यांना काय दोष द्यायचा? कंपनीतल्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाबरोबर दार लावून तासभर बसायचं, सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारत राहायचं, आणि वर त्याचं बिल लावायचं, हा धंदा मामांना कुठल्या तोंडाने समजावू?

ऑक्टोबर २०२४ मधली एक दुपार आहे, ती डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसले.

कंपनी बीकेसीतली, मालवाहतूक आणि गोदामांच्या धंद्यातली. नाव सांगणार नाही, सांगता येतही नाही. भिवंडीची गोदामं वर्षानुवर्षं सांभाळलेल्या एका गृहस्थांना बढती मिळून ते देशभरच्या गोदामांचे प्रमुख झाले होते. नव्या खुर्चीत रुळेपर्यंत सहा महिने त्यांना कोच द्यावा, असं वरून ठरलं. अशा वेळी कंपनी दोन-तीन कोच बोलावते, ज्याला कोचिंग घ्यायचं तो प्रत्येकाशी पाऊण तास बोलतो आणि एकाला निवडतो. आमच्यात याला केमिस्ट्री मीटिंग म्हणतात. मी कांदेपोहे म्हणते. फरक इतकाच की पोहे मिळत नाहीत, आणि नकार आला तर पत्रिका जुळत नाही एवढंसुद्धा कुणी कळवत नाही.

आरे ते बीकेसी भुयारी मेट्रो त्याच महिन्यात सुरू झाली होती, पण मुलुंडहून येणाऱ्याला तिचा काय उपयोग? कुर्ला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षाची रांग, ती चुकली नाही. खालच्या काउंटरवर फोटो, लॅपटॉपचा नंबर रजिस्टरमध्ये, फोनच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर. मला चारची वेळ होती, वीस मिनिटं उशिरा आत बोलावलं. दारात माझ्या आधीचे गृहस्थ भेटले. आमच्या वर्तुळातले जुने जाणते, एका मोठ्या कंपनीचे निवृत्त सीईओ. कोचिंगच्या नावाखाली स्वतःचे किस्से सांगतात, आणि लोकांना ते आवडतात. "ऑल द बेस्ट" म्हणाले, अशा सुरात की काम त्यांनाच मिळालंय.

आत ते गोदामवाले साहेब होते, आणि एचआरमधली एक मुलगीही होती. तिने तिथे असायला नको. ज्या खोलीत माणूस आपण होऊन काही बोलावा असं आपल्याला वाटतं, त्याच खोलीत कंपनी नोंदवही घेऊन बसली तर तो काय बोलणार? हे मी कितीतरी एचआरवाल्यांना सांगून थकले. "मी फक्त ऑब्झर्व्ह करतेय" म्हणाली बिचारी. तिने लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडला आणि माझ्या प्रोफाइलऐवजी तिथे एक्सेलचा तक्ता उघडला. तीन कोच, चार रकाने: प्रमाणपत्र, आमच्या उद्योगाचा अनुभव, फी, एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स. पाचपैकी गुण. उद्योगाच्या अनुभवात मला २ आधीच पडले होते. प्रेझेन्सचा रकाना रिकामा होता, म्हणजे तो मी बसले की भरायचा. प्रेझेन्स म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत कुणी नीट सांगितलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे उंची, ब्लेझर आणि इंग्रजीचा लहेजा. मुलीने घाईने पडदा बंद केला, कानापर्यंत लाल झाली होती.

प्रमाणपत्राचं बोलायलाच हवं, कारण तिथे माझी दुखरी नस आहे. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. शनिवार-रविवारचं शिबिर करून सोमवारी लाइफ कोच म्हणून कार्ड छापता येतं, आणि छापतात. त्यातल्या त्यात जगभर मानतात ती आयसीएफची, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं. ही संस्था अमेरिकेत १९९५ साली निघाली. तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीला १०० तासांचं कोचिंग केलेलं लागतं, दुसरीला ५००, तिसरीला २५००. शिवाय प्रशिक्षणाचे तास वेगळे, आणि दर ३ वर्षांनी नूतनीकरण. मी दुसऱ्या पायरीवर आहे. त्या ५०० तासांतले ४५० पैसे घेऊन केलेले असावे लागतात, म्हणून मैत्रिणीच्या नवऱ्याकडूनसुद्धा मी तासाचे शंभर रुपये घेतलेत, आणि त्याने ते अजून ऐकवणं सोडलेलं नाही. एवढं करून ज्याला कोचिंग घ्यायचंय त्या माणसाने प्रमाणपत्राबद्दल विचारलंय असं किती वेळा झालं? एका हाताची बोटं पुरतात. एचआर विचारतं, कारण तो रकाना भरायचा असतो. समोरचा माणूस विचारतो, "आमच्या लाइनमध्ये काम केलंय का?" पूर्वी मला याचा राग यायचा. आता वाटतं, तो अनुभव विचारत नसतो. मी मूर्खासारखं काही बोललो तर तुम्हाला कळेल का, आणि कळलं तर हसणार नाही ना, हे विचारायची त्याची ती पद्धत असते.

साहेबांनी तेही विचारलं नाही. आय वॉन्ट टू बी अ बेटर लिसनर, आय वॉन्ट टू एम्पॉवर माय टीम, असं पाठ केलेलं बोलत होते. नजर दर वाक्यानंतर त्या मुलीकडे. सचिन तेंडुलकरने स्वतः सांगितलेली गोष्ट मला तेव्हा आठवली. आचरेकर सरांसमोर पहिल्यांदा नेटमध्ये उभा राहिला तेव्हा तो बावचळला, धड खेळताच येईना. मग मोठ्या भावाने, अजितने, सरांना विनंती केली, तुम्ही निघून गेल्यासारखं दाखवा आणि लांबून बघा. सरांनी लांबून, झाडाआडून पाहिलं, आणि मुलगा मोकळा खेळला. बीकेसीच्या आठव्या मजल्यावर झाड कुठून आणणार?

पाऊण तास संपला. हात मिळवले. मुलीला कुणीतरी हाक मारली म्हणून ती थांबली, आणि साहेब मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. तिथल्या लिफ्टना आत बटणं नाहीत. बाहेरच्या पडद्यावर मजला दाबायचा, मग कुठल्या लिफ्टमध्ये शिरायचं ते अक्षर उमटतं. त्यांनी माझ्यासाठी शून्य दाबलं. 'सी' उमटलं. सी लिफ्ट आली, उघडली. साहेब जागचे हलले नाहीत, म्हणून मीही नाही. दार बंद झालं.

"ताई," ते म्हणाले. खोलीत मी मॅडम होते. "एक विचारू? समजा, मी तुम्हाला म्हटलं की मी इथे फार दिवस राहणार नाही. तर ते आत कळेल?"

"आत दोनच गोष्टी कळतात," मी म्हटलं. "सेशन झालं की नाही, आणि आपण सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या कुठल्या मुद्द्यावर काम चाललंय. तुम्ही काय बोललात ते नाही. अपवाद तीन. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर. काही बेकायदेशीर चाललंय असं दिसलं तर. कायद्याने माहिती देणं भाग पडलं तर. नोकरी सोडणं यात बसत नाही."

"पैसे ते देणार, तरी?"

"पैसे ते देणार, तरी."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा शून्य दाबलं. या वेळी 'ए'. मी आत शिरले.

दुसऱ्या दिवशी मेल आला, माझी निवड झाली होती. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दोन महिने हातात नवं काम नव्हतं. बिलावर १८ टक्के जीएसटी आपण आधी भरायचा, कंपनी १० टक्के टीडीएस कापणार आणि उरलेले पैसे ९० दिवसांनी देणार, तरी काम ते काम.

सुरुवातीला तिघांची बैठक होते: साहेब, त्यांचे वरिष्ठ आणि मी. उद्दिष्टं वरिष्ठांनी सांगितली. सगळं स्वतः करायची सवय मोडायची, हाताखालची माणसं तयार करायची, मोठ्या मीटिंगमध्ये बोलायचं. गोपनीयतेचं कलम मी मोठ्याने वाचलं. वाचतेच नेहमी. वरिष्ठ फोनवर बघत "येस, येस" म्हणाले. हे कलम कुणी ऐकत नाही. पुढे ते अंगावर आलं की सगळे पहिल्यांदा ऐकल्यासारखं करतात.

पहिली दोन सेशन ऑफिसात झाली, पाण्यात गेली. तिसरं मी हट्टाने भिवंडीला, माणकोली नाक्याच्या पुढच्या त्यांच्या गोदामात ठेवलं. तिथे माणूस निराळाच. चालता चालता वीस फुटांवरच्या पॅलेटकडे बोट दाखवून म्हणाले, "खालचा खोका दबलाय. संध्याकाळपर्यंत कलंडेल." मला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या खोक्यांच्या थप्पीपलीकडे काही दिसत नव्हतं. जवळ गेलो तर तळाच्या खोक्याची कड खरंच दुमडलेली. ते रॅपिंग सोडायला वाकणार, तेवढ्यात मी विचारलं, हे काम कुणाचं? थांबले. डॉकवर गाडी लागलेली, माथाडींची टोळी खोळंबलेली, फोर्कलिफ्टवाला यांच्या तोंडाकडे बघतोय. हाताखालचा मॅनेजर फोनवर बोलत होता, त्याला पॅलेट दिसलं नव्हतं. साहेबांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि उभे राहिले. मी घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला मॅनेजरचं लक्ष गेलं, त्याने पॅलेट बाजूला काढवून घेतलं, मुकादमाशी दोन शब्द बोलून गाडीचा क्रम बदलला. साहेबांच्या कपाळावर घाम होता. माझ्या आजवरच्या कामातली ही अकरा मिनिटं मी कुणालाही अभिमानाने सांगेन.

चौथ्या सेशनला त्यांनी सांगितलं. दुसऱ्या कंपनीची ऑफर हातात होती. कधीपासून, असं मी विचारलं.

"तुम्ही लिफ्टपाशी उभ्या होतात ना, तेव्हा आठवडा झाला होता. ते 'समजा' नव्हतं, ताई. तिघांनाही विचारलं होतं मी. एक सर म्हणाले, ट्रस्ट मी. त्या मॅडम म्हणाल्या, हंड्रेड परसेंट कॉन्फिडेन्शियल. अपवाद कुणी सांगितले नाहीत. म्हटलं, जिला तीन अपवाद पाठ आहेत, ती चौथा तयार करणार नाही."

मग कोच घेतलातच कशाला? तर मागे माणूस तयार करून जायचं होतं आणि ते एकट्याला जमत नव्हतं. शिवाय मार्चचा बोनस. दोन्ही कारणं त्यांनी एका दमात सांगितली, कुठलंही दडवलं नाही. वरिष्ठांना तुम्ही स्वतः सांगा, हे मी त्या सेशनला आणि पुढच्या दोन्ही सेशनला काढलं. "बोनस खात्यात पडला की," हे उत्तर तिन्ही वेळा.

एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. भिवंडीचं काम त्या मॅनेजरने उचललं, आणि मला कळतं त्यावरून बरं उचललं. एचआरप्रमुखांचा मला फोन आला, एकच प्रश्न: "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, "याचं उत्तर मी देऊ शकत नाही." हो म्हणायची याहून सरळ पद्धत नाही, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. शेवटचं बिल ऑगस्टमध्ये निघालं. त्या कंपनीतून नंतर काम आलेलं नाही.

आम्हा कोच मंडळींनाही चुका दाखवायला कुणीतरी वडीलधारं लागतं, त्याला सुपरव्हिजन म्हणतात. माझ्या सुपरव्हायजर सगळं ऐकून म्हणाल्या, "नियमाने तू बरोबर आहेस." 'नियमाने' वर जोर होता.

चौथ्या सेशननंतर मी गप्प राहिले, ते बरोबरच केलं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडकते ती लिफ्टपाशी. तेव्हा कसलाच करार झालेला नव्हता. समोरचा माणूस "समजा" म्हणतोय, एक लिफ्ट सोडून देतोय, आणि पुढचा प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. "समजा की खरंच?" एवढे तीनच शब्द. ते विचारले असते तर त्यांना तिथेच काहीतरी ठरवावं लागलं असतं, आणि मलाही. मी नियम म्हणून दाखवला, नीट, अपवादांसकट. दोन महिने काम नव्हतं आणि ते हवं होतं. त्यांना ज्या उत्तरात प्रामाणिकपणा दिसला, त्यात तो होताच. पण सोयही होती. आणि पैसे मोजणारी कंपनी, जी त्या तक्त्यात गुण भरत बसली होती, तिला या प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

गेल्या महिन्यात एक फोन आला. नंबर साहेबांनी दिला होता. गृहस्थांनी फी विचारली नाही, प्रमाणपत्र विचारलं नाही, गोदाम पाहिलंय का हेही नाही. "ते म्हणाले, तुम्ही अपवाद आधी सांगता." मी सांगितले. भेटीचा दिवस ठरला. फोन ठेवण्याआधी मी विचारलं, "सध्या जिथे आहात तिथे राहणार आहात ना?"

पलीकडे जरा वेळ नुसता ट्रॅफिकचा आवाज येत राहिला.

"पैसे मी स्वतःच देणार आहे, मॅडम," ते म्हणाले.