धुऱ्याचा वाद आणि आजचा वर्ग

आज आमच्या गावातील समाजमंदिरात स्वसंरक्षणाचा वर्ग झाला. लाथाबुक्क्या शिकायला मिळतील या अपेक्षेने मी गेलो होतो. पहिला तासभर मात्र उभे कसे राहावे आणि बोलावे कसे, एवढेच शिकलो. समोरचा माणूस संतापलेला असेल तर त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर, थोडे तिरपे उभे राहावे आणि उघडे तळवे छातीपाशी धरावेत, म्हणजे ते विनवणीसारखे दिसतात आणि वार आलाच तर अडवायलाही तयार असतात.

सरावाला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद घेतला. (आमच्याकडे दुसरा कोणता घेणार!) शेजारच्या काकाजींनी कुऱ्हाडीऐवजी पऱ्हाटीची काडी इतक्या आवेशाने उगारली की शिकलेले सारे विसरून मी "हात तर लावून दाखवा" असे ओरडलो. वर्ग घेणाऱ्या ताईंनी तिथेच थांबवले. दुसऱ्या खेपेस मी आवाज खाली ठेवून "काकाजी, तुमचं ऐकतो, आपण मोजणी आणू" असे म्हणत मागे सरकलो, तेव्हा काडी आपोआप खाली आली.

मनगट धरले गेले तर पकड अंगठ्याच्या बाजूला कच्ची असते, म्हणून झटका तिकडेच द्यायचा, हेही शिकलो. भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे; पण 37 व्या कलमानुसार बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. संधी मिळताच निघून जावे आणि 112 वर फोन करावा, असे ताईंनी तीनदा बजावले. काकाजी घरी जाताना धुऱ्याविषयी पुन्हा बोललेच, या वेळी खरोखरच्या.