भुसावळच्या उन्हात गेमिंग पीसी

रविवार, रात्री साडेदहा

धाकट्याच्या पीसीची यादी आज परत खोडली. बजेट ६० हजार, मॉनिटर धरून. वर एक रुपया मिळणार नाही, असं नानांनी बजावलंय. ‘एवढ्यात दारात गाडी आली असती,’ हेही ऐकवून झालं.

पोराचा जीव रायझन ७ प्रोसेसरवर. मी म्हणतोय, रायझन ५ ५६०० बास झाला, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाल. १०८०पी (फुल एचडी) मॉनिटरवर मोठे गेम लावले की यादीतलं आरएक्स ६६०० कार्ड आधी दमतं आणि प्रोसेसर त्याची वाट बघत बसतो. रायझन ७ घेऊन दोन कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) वाढवले तर वाट बघणारे वाढतील, एवढंच. पटेना. शेवटी मित्राच्या पीसीवर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडून दाखवला. कार्ड शंभराला टेकलेलं, प्रोसेसर निम्म्यावरही नाही. मग गप्प झाला. (दिवसभर व्हॅलोरंटसारखा ग्राफिक्सला हलका गेमच खेळणार असेल तर हिशेब उलटा, तिथे प्रोसेसरच जास्त कामाला येतो. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.)

खरी घासाघीस पॉवर सप्लायवर झाली. जळगावच्या दुकानात कॅबिनेटसोबत ‘फ्री’ मिळत होता. हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका, वर ठळक ४५० वॅट, रेटिंगचा पत्ता नाही. ‘चालतो भो, सगळे हाच नेतात.’ वॅटचा प्रश्नच नव्हता. कार्ड १३२ वॅटचं, प्रोसेसर ६५ चा, सगळं मिळून तीनशेच्या आत बसतं. पण आमच्याकडे शेजारच्यांनी मोटार लावली की ट्यूब मिचकावते. त्या विजेवर असला डबा लावून त्याला नवंकोरं कार्ड जोडायला माझं मन धजेना. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झवाला (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) लिहिला.

कॅबिनेटचंही तेच. यूट्यूबवाले तापमान मोजतात ते एसीच्या खोलीत. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि खोली १५ अंशांनी तापली की आतले आकडेही जवळपास तेवढेच चढतात. समोर काच असलेलं देखणं कॅबिनेट बाद केलं. जाळीचं घेतोय, धुळीचा फिल्टर काढून धुता येईल असं. आणि कूलरचा ओला झोत त्यावर सोडायचा नाही, हे आईला आत्ताच सांगून ठेवलं.

रॅमचे शोभेचे दिवे यादीतून गेले, त्या पैशांत यूपीएस. ६०० व्हीएचा म्हणजे ३६० वॅट. लाइट गेल्यावर गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता. रॅम मात्र ८-८ च्या दोन स्टिकच. १६ ची एकच घेतली तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन स्टिक एकदम चालल्याने मिळणारा वेग, जातो.

एसएसडी १ टीबीची बजेटात बसत नाही. सध्या ५०० जीबीची घेऊ. मदरबोर्डावर पुढे आणखी एक एसएसडी लावायला दुसरा एम.२ स्लॉट आहे का, ते उद्या दुकानात फोन करून विचारायचं.