पोर्टर थंडगार पिऊ नका

इंग्लिश पोर्टर ही भाजलेल्या माल्टची गडद बिअर. ती फ्रिजमधून काढून थेट ग्लासात ओतली, तर तिच्यावर अन्याय होतो. ४ अंशांवर तिचा वास दबलेला असतो. जिभेला लागतो तो नुसता गॅस आणि थोडा करपट कडूपणा. मग ‘ही तर पातळ स्टाउट’ (स्टाउट म्हणजे पोर्टरच्याच कुळातली काळी बिअर) असं म्हणून लोक मोकळे होतात. तिला हवेत १० ते १३ अंश, म्हणजे लंडनच्या पबमधल्या तळघराचं तापमान. पुण्या-मुंबईच्या घरात अर्ध्या लिटरची बाटली फ्रिजबाहेर २०-२५ मिनिटं ठेवली की साधारण तिथवर येते, थंडीतल्या लंडनमध्ये जास्त वेळ लागतो. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही.

ग्लास आधी तपासा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला असेल तर फेस लगेच बसतो आणि काचेला आतून बुडबुडे चिकटून राहतात. साध्या पाण्याने विसळून उपडा वाळवलेला ग्लास उत्तम, फडक्याने पुसलेला नको. सुरुवातीला १५० मिली पुरे. ग्लास अर्ध्याहून रिकामा असला की वास वरच्या जागेत साठतो. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असेल तर एका दमात, हात न हलवता ओता आणि शेवटचं बोटभर बाटलीतच राहू द्या.

आता ग्लास उजेडासमोर धरा. पोर्टर काळी दिसते, पण चांगल्या इंग्लिश पोर्टरच्या कडेला माणकासारखी लाल झाक दिसते. नाक लावून दोन-तीन छोटे श्वास घ्या. दीर्घ श्वास घेतला की नाक लवकर सरावतं आणि मग काहीच कळत नाही. घोट जिभेवर क्षणभर खेळवून गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. कोको, टोस्ट, काकवी यांची खरी ओळख त्या श्वासात पटते. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा आणि तो किती वेळ रेंगाळतो हे गिळल्याशिवाय कळत नाही.

शोधायचं काय, तर ब्राउन माल्ट, म्हणजे मोड आणून तपकिरी होईपर्यंत भाजलेलं बार्लीचं धान्य. माझ्या मते पोर्टरचा जीव त्यातच आहे. अठराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवरच्या आणि नदीकाठच्या हमालांची ही बिअर, नावही त्यांच्यावरूनच पडलं. तेव्हा ती लाकडाच्या आचेवर वाळवलेल्या ब्राउन माल्टची असे. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसन या इंग्लिश ब्रुअरने घनतामापकाचा (माल्टच्या रसात साखर किती ते दाखवणाऱ्या उपकरणाचा) वापर मांडला आणि ब्रुअरींच्या (बिअर बनवणाऱ्या कारखान्यांच्या) लक्षात आलं की पेल, म्हणजे फिकट वाळवलेल्या, माल्टमधून साखर कितीतरी जास्त निघते. हिशोबापुढे ब्राउन माल्ट मागे पडला. रंग कमी पडू लागला, तेव्हा १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने ड्रममध्ये काळा भाजलेला माल्ट काढला. चव तेव्हाच बदलली. ब्राउन माल्ट भाजलेल्या पावाचा कोरडेपणा देतो, काळा माल्ट रंग आणि टोकदार कडूपणा. जुनी पोर्टर महिनोन् महिने प्रचंड पिंपांत मुरायची आणि तिला आंबूस, चामड्यासारखा वास यायचा. तो ब्रेटानोमायसिस यीस्टचा. कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीतल्या क्लॉसेन या संशोधकाने १९०४ मध्ये त्याची ओळख पटवली, तीही इंग्लिश बिअरमधूनच. आजच्या साध्या पोर्टरमध्ये हा वास आला तर तो दोष समजावा.

फुलर्सची लंडन पोर्टर (५.४ टक्के) ही सुरुवातीला उत्तम: ब्राउन, क्रिस्टल (कॅरमलसारखा गोड) आणि चॉकलेट माल्ट (चॉकलेटी रंगावर भाजलेला, त्यात चॉकलेट नसतं), सोबत फगल या इंग्लिश जातीचे हॉप्स. सॅम्युएल स्मिथची टॅडी पोर्टर (५ टक्के) शेजारी ठेवून चाखा.

माल्ट वेगवेगळे ओळखायचे असतील तर एक सोपा प्रयोग आहे. घरी बिअर बनवणाऱ्यांना सामान विकणाऱ्या दुकानातून माल्ट आणा. ५० ग्रॅम दळलेला माल्ट ४०० मिली, ६५ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवा, गाळा आणि कोमट असताना चाखा. ब्राउन माल्ट निम्मा पेल माल्ट मिसळून घ्या. चॉकलेट माल्ट किंवा भाजलेली बार्ली ५० ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅमच, बाकी पेल, नाहीतर जीभ बधिर होईल. शेवटचे दोन काढे लागोपाठ चाखा: एकात कोको, दुसऱ्यात काळ्या कॉफीचा कोरडा करपटपणा. पोर्टर पहिल्याकडे झुकते, आजची स्टाउट दुसऱ्याकडे. सीमारेषा मात्र ब्रुअरीगणिक सरकते, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बिघाड कुठे होतो? ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागली. उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या आयात बाटल्यांत हा दोष हमखास सापडतो, म्हणून तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. लोण्याचा ठळक वास आणि आंबटपणा एकत्र आले तर पबच्या नळ्या अस्वच्छ असण्याची शक्यता मोठी. पारदर्शक बाटली उजेडात राहिली की हॉप्समधून उग्र, घाणेरडा वास सुटतो. राखेसारखी चव मात्र साठवणीची नसते, काळा माल्ट जास्त पडलेला असतो.

इंग्रजी फौजेबरोबर हिंदुस्थानात पोर्टर मोठ्या प्रमाणावर येत असे. आयपीएची, म्हणजे हिंदुस्थानात पाठवल्या जाणाऱ्या फिकट ‘इंडिया पेल एल’ची, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण साध्या गोऱ्या शिपायाच्या हातात बहुतेक वेळा पोर्टर असायची. सोबत खायला स्टिल्टन (इंग्लिश निळं चीज) किंवा मुरलेलं चेडर, नाहीतर मंद आचेवर शिजलेलं मटण. तिखटजाळ रश्श्याबरोबर नको: भाजलेल्या माल्टचा कडूपणा आणि मिरची एकमेकांना चढवतात आणि काकवीचा गोडवा कुठे गेला ते कळत नाही.