घंटा आधी की मुलगा आधी

नववीच्या मुलांना पूर्णकाळाचं सूत्र तोंडपाठ असतं. कर्ता, मग हॅव, हॅज नाहीतर हॅड, मग क्रियापदाचं तिसरं रूप. पण कालच्या दिवसाबद्दल एक वाक्य लिहा म्हटलं की अर्ध्या वह्यांत हेच येतं: ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ आता ‘काल मी पुण्याला गेलो होतो’ यात मराठीत काहीच खटकत नाही. जाऊन आलो, एवढंच त्या ‘होतो’चं म्हणणं. इंग्रजीत तिथे साधं ‘वेंट’ पुरतं. ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा वाट बघत बसतो: गेला होता, पण कशाच्या आधी? फळ्यावर रेघ ओढून, बाण काढून हे मी दरवर्षी सांगते. मुलं माना डोलावतात आणि पुन्हा हॅड लिहितात.

त्या दिवशी तास चालू असताना खेळाचे सर उशिरा आलेल्यांची यादी घेऊन वर्गात आले. मागच्या बाकावरचा एकजण उठला, “सर, मी वेळेत आलेलो.” मी म्हटलं, “तक्रार इंग्रजीत मांड.” सरही गंमत बघायला दारातच थांबले.

“व्हेन आय रीच्ड द गेट, द बेल हॅड रंग.”

पुढच्या बाकावरून एक मुलगी ओरडलीच, “मॅडम, हा स्वतःच कबूल करतोय!” घंटा आधी, हा नंतर. त्याने घाईघाईने हॅड काढून टाकला. “व्हेन आय रीच्ड द गेट, द बेल रँग.” म्हणजे याने गेटात पाय ठेवला आणि घंटा झाली. यावर वर्गात दोन तट पडले. तेवढ्यात शेजारच्या मित्राने वकिली सुरू केली, “नाही मॅडम, ही हॅड रीच्ड द गेट व्हेन द बेल रँग.” हॅड घंटेकडून मुलाकडे गेला आणि आरोपी सुटला! कुणीतरी मध्येच म्हणालं, “द बेल हॅज रंग.” त्यावर दुसरा दप्तर उचलून उभा, “मग चला घरी!” सकाळची घंटा सांगताना हॅज का चालत नाही, हे त्याने माझ्या आधीच दाखवून दिलं. मी फक्त पुढे जोडलं, की ‘ॲट इलेव्हन’ अशी नेमकी वेळ सांगितली तर साधा भूतकाळच घ्यायचा. एरवी हे समजवायला अख्खा तास जातो.

सरांनी विचारलं, “उद्याचं काय?”

“बाय द टाइम द बेल रिंग्ज, आय विल हॅव रीच्ड, सर.”

‘विल रिंग’ न म्हणता त्याने ‘रिंग्ज’ म्हटलं, हे मी टिपलं. तो नियम अजून शिकवलाही नव्हता. सरांनी यादीतलं नाव मात्र खोडलं नाही. मैदानाची फेरी त्याला मारावीच लागली.