बंद पडून राहिलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पुन्हा वापरात आणताना

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, ग्रामीण रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत आणि कितीतरी घरांतही ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी यंत्रं, आली. लाट ओसरली आणि बरीचशी कोपऱ्यात गेली. आता सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार) किंवा फुप्फुसाच्या फायब्रोसिसच्या (फुप्फुस कडक होण्याच्या) रुग्णासाठी त्यातलंच एखादं बाहेर काढतात. बटण दाबलं की हिरवा दिवा लागतो, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे येतात आणि नळी नाकाला लावली जाते. पण बुडबुडे साध्या हवेचेही येतात. शुद्धता मोजणारा सेन्सर सगळ्या मॉडेलांत नसतो, त्यामुळे हिरव्या दिव्याचा अर्थ कित्येकदा ‘वीज आहे’ एवढाच असतो. असंच एक, मिनिटाला पाच लिटर वायू देणारं यंत्र मी दुरुस्त केलं, ते काम क्रमाने लिहिते आहे.

आधी आतली रचना थोडक्यात. कॉम्प्रेसर खोलीतली हवा दाबून झिओलाइट (बारीक छिद्रं असलेले खनिजाचे दाणे) भरलेल्या दोन नळकांड्यांत आळीपाळीने सोडतो. या नळकांड्यांना सीव्ह बेड म्हणतात. झिओलाइटच्या छिद्रांतले लिथियम किंवा सोडियमचे धनभारित आयन नायट्रोजनच्या रेणूला ऑक्सिजनपेक्षा जास्त घट्ट धरतात. म्हणून दाबाखाली नायट्रोजन अडकतो आणि ऑक्सिजन पुढे जातो. काही सेकंदांनी व्हॉल्व्ह बदलतो, पहिल्या बेडचा दाब सुटतो, नायट्रोजन बाहेर फेकला जातो आणि दुसरा बेड कामाला लागतो. चार्ल्स स्कारस्ट्रॉमच्या १९६०च्या पेटंटमधलं हे चक्र मूळ रूपात आजही तसंच आहे. हवेतला आरगॉन ऑक्सिजनबरोबरच पुढे येतो, त्यामुळे ही यंत्रं साधारण ९५.६ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाहीत. चांगल्या यंत्राचा आकडा ९३ टक्के, तीन इकडेतिकडे. ८२ च्या खाली गेलेलं यंत्र रुग्णाला लावायचं नाही.

वीज जोडण्यापूर्वी मागचं झाकण उघडलं. बंद यंत्रात उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या, कडक होऊन तडकलेलं रबर आणि धुळीने बुजलेला इनटेक (आत येणाऱ्या हवेचा) फिल्टर नेहमी सापडतो. इनटेक फिल्टर बुजला की कॉम्प्रेसरला हवा कमी मिळते, दाब पडतो आणि शुद्धताही पडते, म्हणून तो सरळ बदलला. नंतर स्टॅबिलायझरवरून यंत्र चालू करून कान दिले. कॉम्प्रेसरचा एकसारखा आवाज आणि ठरावीक अंतराने बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनचा ‘फुस्स’ आवाज यायला हवा. कॉम्प्रेसर नुसता गुणगुणला आणि फिरला नाही, तर पहिला संशय मोटरला जोडलेल्या, वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरवर. तो काढण्याआधी प्लग काढून, रेझिस्टर लावून त्यातला भार उतरवायचा. ‘फुस्स’ एकाच बाजूने येत असेल तर बेड आळीपाळीने बदलणारा, विजेवर उघड-मीट होणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकलाय किंवा त्याला कंट्रोल बोर्डकडून इशारा मिळत नाहीये.

आता मोजमाप, कारण पुढचं सगळं यावर चालतं. गॅल्व्हॅनिक सेलचा ॲनालायझर (ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं उपकरण) साध्या हवेत २०.९ वर आणि सिलिंडरच्या ऑक्सिजनवर १०० वर जुळवून घेतला. ध्वनिलहरींवर चालणारा ॲनालायझर असेल तर तो कॉन्सन्ट्रेटरच्याच वायूसाठी बनवलेला असतो. सिलिंडरच्या शुद्ध ऑक्सिजनवर तो चुकीचं सांगतो, म्हणून तिथे ताडून पाहू नये. ह्युमिडिफायरची, म्हणजे वायू ओलसर करणारी पाण्याची बाटली काढून ठेवली, कारण ओलाव्याने सेलचं वाचन बिघडतं. यंत्र वीस मिनिटं चालू दिलं आणि मग एक, तीन आणि पाच लिटरवर आकडे घेतले. प्रत्येक वेळी प्रवाह बदलल्यावर आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. फ्लोमीटर (प्रवाह दाखवणारी, आत गोळी असलेली नळी) वाचताना डोळा गोळीच्या पातळीत आणि रेष गोळीच्या मध्यातून.

वाचन आलं ७१, ६२ आणि ५४. एक लिटरलाही शुद्धता कमी असेल तर झिओलाइटला दोष देण्याआधी गळती शोधायची. भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी ब्रशने प्रत्येक सांध्याला लावलं. व्हॉल्व्हपासून बेडकडे जाणाऱ्या नळीच्या टोकाशी फेस आला. तिथला तुकडा कापून नवा क्लॅम्प लावला आणि साबण पुसून घेतला. इथे ग्रीस, तेल, व्हॅसलीन काहीही लावायचं नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं आणि तेलाची वाफ झिओलाइटही निकामी करते.

गळती बंद झाल्यावर आकडे आले ९१, ७९ आणि ६३. एक लिटरला ठीक आणि पाचला कोसळतंय, याचे अर्थ दोनच: कॉम्प्रेसर थकलाय किंवा झिओलाइट थकलाय. फरक दाब सांगतो. टेस्ट पोर्टला गेज लावून वरचा दाब पाहिला आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडला. दाब कमी असता तर कॉम्प्रेसर उघडून पिस्टनचे टेफ्लॉनचे कप सील बदलावे लागले असते. हा कॉम्प्रेसर तेलाविना चालतो, ते सील झिजतात. इथे दाब उलट जास्त होता. झिओलाइट नायट्रोजन धरत नसला की तो वायू बेडमध्ये साचून दाब वाढवतो. नायट्रोजन बाहेर पडतो तिथला आवाज कमी करणारा एक्झॉस्ट मफलर बुजला तरीही असंच होतं, म्हणून मफलर काढून पुन्हा मोजलं. फरक पडला नाही. दोष बेडचाच.

असं का होतं हे समजून घेणं फार गरजेचं आहे. पाण्याचा रेणू झिओलाइटला नायट्रोजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. यंत्र चालू असताना हवेतला ओलावा बेडच्या सुरुवातीच्या थरातच अडतो आणि दाब सुटताना बराचसा बाहेर जातो. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिलं की तोच ओलावा हळूहळू पुढच्या कोरड्या थरात पसरतो, आणि मग नुसता दाब सोडून तो निघत नाही. काढायचा तर कोरड्या वायूच्या प्रवाहात ३०० अंशांच्या वर तापवावं लागतं. घरच्या ओव्हनमध्ये भाजून यंत्र सुधारल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यावर विसंबू नये. कोकणातल्या पावसाळ्यात कोपऱ्यात ठेवलेलं यंत्र रोज वापरातल्या यंत्राआधी मरतं, ते याच कारणाने.

बेड बदलताना दोन्ही एकदम बदलले. एक नवा आणि एक जुना असेल तर चक्राचा तोल जातो. शक्यतो कारखान्यात भरून सील केलेलेच बेड घ्यावेत. सुटा झिओलाइट भरायचाच झाला तर एसी खोलीत, कोरड्या दिवशी, डबा उघडल्यापासून काही मिनिटांतच. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवा. दाणे रव्याएवढे बारीक असतात. मॅन्युअलमध्ये दिलेल्या वजनाइतके भरून नळकांडं ठोकत ठोकत दाबून बसवायचे, वर फेल्ट आणि स्प्रिंगची चकती. दाणे सैल राहिले तर दर चक्राला एकमेकांवर घासून पीठ होतं, आणि ते पीठ व्हॉल्व्हमध्ये शिरतं. माल ताजा आहे का, याची एक झटपट परीक्षा आहे: चमचाभर दाणे धातूच्या वाटीत घेऊन थोडं पाणी टाकायचं. चांगला झिओलाइट लगेच चटका बसेल इतका तापतो. ओलावलेला थंडच राहतो.

नव्या बेडवर तासभर चालवल्यानंतर वाचन एकला ९५, तीनला ९५, पाचला ९३. सगळे सांधे पुन्हा साबणाने तपासले.

घरच्यांना देताना इतकं सांगितलं. बाहेरचा फोमचा फिल्टर आठवड्याला साबणाने धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा, ओला नाही. यंत्र भिंतीपासून आणि पडद्यापासून फूटभर दूर. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत हे विशेष सांभाळायचं, कारण ही यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. बाटलीत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी, रोज बदललेलं. नाकाला कोरड पडली तर पाण्याचा आधार असलेलं जेल, खोबरेल नाही. रुग्णाच्या खोलीत समई, निरांजन, अगरबत्ती, बिडी काहीच नाही. देवघर त्याच खोलीत असेल तर यंत्र हलवायचं. प्रवाह डॉक्टरांनी सांगितला तेवढाच, कारण सीओपीडीच्या रुग्णाला जास्त ऑक्सिजनही घातक ठरतो. वीज गेली तर लावायला भरलेला सिलिंडर हाताशी.

रुग्णाची गरज संपली तरी यंत्र दर महिन्याला काही तास चालवायचं आणि एरवी ऑक्सिजनच्या तोंडाला टोपण. तास मोजणाऱ्या मीटरचं वाचन, तारीख आणि पाच लिटरची शुद्धता लिहिलेली चिठ्ठी मागे चिकटवली आहे. पुढच्या तपासणीचा आकडा त्याखाली लिहायचा.